वीस माणसांची शेड, वीस हजारांचा कारखाना

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी शिरले की डोळ्यांआधी नाकाला कारखाना कळतो. जळक्या वाळूचा आणि तापल्या लोखंडाचा वास येतो. शेडमध्ये वीस-पंचवीस माणसे. एक जण साच्यात वाळू ठोकून बसवतो आहे, दोघे इंडक्शन फर्नेसच्या तोंडाशी उभे आहेत, कोपऱ्यात ग्राइंडरवर फेटलिंग, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करणे, चालले आहे. इथे ओतलेला भाग ट्रॅक्टरमध्ये, पंपात, मालमोटारीच्या इंजिनात जाऊन बसतो, काही माल थेट परदेशी जातो. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे चित्र दिसते. मोबाईल जुळवणाऱ्या कामगार मुलींसाठी तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये १८,७२० खाटांचे वसतिगृह सुरू झाले. एका वसतिगृहात एका तालुक्याच्या गावाएवढी वस्ती.

ही दोन्ही चित्रे भारतीय कारखानदारीचीच आहेत. त्यांच्या मधे जे असायला हवे ते मात्र विरळ आहे: दोनशे, पाचशे, हजार माणसांचा, स्वतःचे डिझाइन आणि स्वतःची टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारे घडवणारा विभाग, असलेला मधला कारखाना. या क्षेत्राची बहुतेक दुखणी मला त्या मोकळ्या जागेपाशी येऊन मिळताना दिसतात.

आधी आकडे पाहू. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने देशाच्या उत्पन्नातला कारखानदारीचा वाटा २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर न्यायचे आणि १० कोटी नवे रोजगार उभे करायचे ठरवले होते. २५ सप्टेंबर २०१४ रोजी ‘मेक इन इंडिया’ जाहीर झाले तेव्हा २५ टक्क्यांचे उद्दिष्ट तसेच पुढे आले, नंतर त्याची मुदत २०२५ पर्यंत वाढली. सरकार बदलले, उद्दिष्ट तेच राहिले, आणि वाटाही जवळपास तिथेच राहिला. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे तो १५ ते १७ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. काम करणाऱ्या शंभर भारतीयांपैकी अकरा-बारा जण कारखानदारीत आहेत आणि पंचेचाळीसच्या आसपास अजून शेतीत. त्या अकरा-बारांतही नोंदणीकृत कारखान्यातले थोडे. वार्षिक उद्योग पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये नोंदणीकृत कारखान्यांत सुमारे १ कोटी ९५ लाख माणसे होती. बाकीचे घरातल्या यंत्रमागावर, गल्लीतल्या लेथवर, अंगणातल्या शिवणयंत्रावर काम करतात.

याचा अर्थ कारखानदारी वाढली नाही असा नाही. पोलाद आणि सिमेंटच्या उत्पादनात आपण जगात दुसरे आहोत, ओतकामात दुसरे, दुचाकींत पहिल्या रांगेत. २०२४-२५ मध्ये देशात १५ कोटी टनांच्या आसपास कच्चे पोलाद तयार झाले. वाढ झाली, पण सेवा क्षेत्र त्याहून जोरात वाढले. शेतीतून बाहेर पडलेल्या तरुणाला कारखान्याच्या दारात जागा मिळाली नाही म्हणून तो बांधकामावर, सुरक्षारक्षकाच्या खुर्चीवर, डिलिव्हरीच्या दुचाकीवर गेला. जपान, कोरिया, तैवान आणि मग चीन ज्या जिन्याने वर गेले, त्याची मधली पायरी आपल्याकडे अरुंदच राहिली. आज जगातल्या कारखानी उत्पादनात चीनचा वाटा तीस टक्क्यांच्या घरात आहे, आपला तीन टक्क्यांच्या.

असे का झाले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. मुंबईत कावसजी दावर यांची गिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली तेव्हा तिची यंत्रे इंग्लंडमधल्या ओल्डहॅमहून आली होती. शंभर वर्षे मुंबईने अफाट कापड विणले, पण कापड विणणारे यंत्र मोठ्या प्रमाणावर स्वतः घडवले नाही. याउलट वाट एका चित्रकलेच्या शिक्षकाने धरली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत रेखाटन शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकता विकता कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. नकाशा काढता येणारा, धातू कळणारा आणि शेतकऱ्याची गरज ओळखणारा माणूस एकाच जागी असला की कारखाना स्वतःच्या पायावर उभा राहतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या दशकात विमान, जहाज आणि मोटार या तिन्हींना हात घातला, तेव्हा युद्धाचा काळ होता आणि राज्य परक्यांचे होते.

स्वातंत्र्यानंतर देशाने यंत्र घडवण्याचा प्रश्न मनावर घेतला. १९५३ मध्ये बंगळुरूला स्विस सहकार्याने हिंदुस्तान मशिन टूल्स सुरू झाले. भिलाई, राऊरकेला, दुर्गापूरचे पोलाद कारखाने उभे राहिले. पिंपरीच्या माळावर हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने पेनिसिलीन काढायला सुरुवात केली. या पिढीच्या कष्टांना आज सरसकट वाया गेलेले म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. पिंपरी-चिंचवड, बंगळुरू आणि कोइमतूर या गावांच्या हातात जे कसब उतरले ते त्याच काळातले आहे. चूक दुसरीकडे झाली. १९५१ च्या कायद्याने कारखाना किती माल काढेल हेही परवान्यावर लिहून ठेवले. १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखीव ठेवल्या गेल्या आणि ही यादी पुढे आठशेच्या वर गेली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की तयार कपडे, खेळणी, चामड्याच्या वस्तू, हत्यारे अशा नेमक्या ज्या धंद्यांत लाखो हात लागतात, त्यांत मोठे होणे हाच गुन्हा ठरला. यादीतल्या शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. तोवर ढाका, शेंझेन आणि हो ची मिन्ह सिटी कितीतरी पुढे निघून गेली होती.

लहान राहण्याची सवय त्या काळात धंद्याच्या हाडात भिनली. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीने ही गोष्ट आकड्यांत दाखवली. दहा वर्षे उलटूनही शंभरापेक्षा कमी कामगारांवरच थांबलेले कारखाने संघटित क्षेत्रात संख्येने निम्मे आहेत, पण रोजगारात त्यांचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास. लहान असणे वाईट नाही. नवा कारखाना लहानच असतो. वीस वर्षांनीही तो तेवढाच राहिला, तर मात्र त्यात मुरलेले कौशल्य पुढच्या पिढीपर्यंत वाढत जात नाही.

सगळ्या क्षेत्रांत असे झालेले नाही, आणि जिथे झाले नाही ते क्षेत्र नीट पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली तेव्हा तिचे बहुतेक भाग जपानहून येत. सुटे भाग देशात बनवण्याची अट होती आणि ती पाळायची तर पुरवठादार घडवावे लागणार होते. कंपनीने ते घडवले. काहींत भांडवल घातले, काहींना जपानी कंपन्यांशी जोडून दिले, सगळ्यांना ठराविक वेळी ठराविक दर्जाचा माल देण्याची शिस्त लावली. महाराष्ट्रात पिंपरीचे ट्रक, आकुर्डीच्या स्कूटर आणि पुढे वाळूजच्या दुचाकी यांच्याभोवती हेच घडले. भोसरीच्या गल्लीत एका लेथवर बुश काढणाऱ्याने दुसरा लेथ घेतला, मग संगणकावर चालणारी यंत्रे घेतली, आधी सीएनसी, मग व्हीएमसी. मुलगा इंजिनिअर होऊन आला आणि मोटार कंपनीच्या ऑडिटला तोंड देऊ लागला. आज वाहनांच्या सुट्या भागांचा देशातला व्यवसाय वर्षाला पावणेसात लाख कोटी रुपयांच्या आसपास आहे आणि त्याची निर्यात व आयात जवळपास सारखी, प्रत्येकी २२ अब्ज डॉलरच्या वर. बाहेरून घेतो तितके आपण जगाला देतो, असे म्हणता येईल अशी अभियांत्रिकीची फार क्षेत्रे आपल्याकडे नाहीत.

हे कोणत्याही एका योजनेने झाले नाही. चाळीस वर्षे लागली, आणि त्या चाळीस वर्षांत मोठा गिऱ्हाईक लहान पुरवठादाराच्या शेजारी, हाकेच्या अंतरावर होता. रिजेक्शन आले की संध्याकाळी चहा घेत बोलता येई. पुण्याच्या पट्ट्याची श्रीमंती मला या जवळिकीत दिसते. चाकणचे खड्डे, तासन्‌तास अडणारी वाहतूक आणि परवडेनाशी झालेली जागा यांमुळे ती जवळीक आता महाग होत चालली आहे, आणि या गोष्टीची चिंता जितकी व्हायला हवी तितकी होत नाही.

आता मोबाईलकडे. २०१४-१५ मध्ये देशात तयार होणाऱ्या मोबाईलची किंमत १८ हजार कोटींच्या आसपास होती, २०२४-२५ मध्ये ती साडेपाच लाख कोटींच्या घरात पोहोचली. २०२० मध्ये आलेल्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेचा, म्हणजे पीएलआयचा, सगळ्यात ठळक विजय हाच. चौदा क्षेत्रे, १ लाख ९७ हजार कोटींची तरतूद, आणि तत्त्व सोपे: आधी माल काढा, मग पैसे घ्या. आयफोनची जुळवणी देशात २०१७ मध्ये सुरू झाली. आज तो आपल्या निर्यातीतला मोठा जिन्नस आहे. टीकाकार म्हणतात, हे फक्त स्क्रू पिळणे आहे. फोनच्या किमतीतला देशात घडणारा भाग पाचव्या हिश्शाच्या आसपासच आहे, चिप आणि पडदा बाहेरूनच येतो, हे खरे आहे. पण चीननेही जुळवणीपासूनच सुरुवात केली होती. शिवाय ज्या मुली त्या वसतिगृहांत राहतात त्यांचे काय? देशातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या दर दहा स्त्रियांपैकी चारांहून अधिक एकट्या तमिळनाडूत आहेत. घरापासून शंभर कोसांवर जाऊन स्वतःचा पगार स्वतःच्या खात्यात घेणारी एकोणीस वर्षांची मुलगी हे देशाने मिळवलेले मोठे धन आहे. डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाल्यावर अशाच मुलींनी महामार्ग अडवला होता. त्यांना चांगले जेवण, हवेशीर खोली आणि कायमची नोकरी मिळावी ही मागणी कारखानदारीच्या विरोधातली ठरत नाही. ती पुरी झाल्याशिवाय कारखानदारी टिकणार नाही.

जुळवणीनंतर काय, हा खरा प्रश्न आहे. मोटारीच्या बाबतीत पुरवठादारांची साखळी जुळवणीच्या मागोमाग आली, कारण ती यावी अशी अट होती आणि वेळही दिला गेला. पीएलआयमध्ये मोजमाप विक्रीचे आहे. विक्री वाढली की पैसे मिळतात. किती भाग इथे घडला, किती जणांनी काम शिकले, याचा हिशेब त्यात दुय्यम राहिला. इतर क्षेत्रांत योजनेची गती मंदच आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत एकूण तरतुदीपैकी साडेएकवीस हजार कोटींच्या आसपासच रक्कम वाटली गेली होती. बॅटरीच्या सेलसाठी २०२१ मध्ये ५० गिगावॅट-तास क्षमतेचे उद्दिष्ट ठरले, प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या जवळपासही पोहोचले नाही. सौर पॅनेलची जोडणी-क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली, पण पॅनेलच्या आतला वेफर अजून मुख्यतः चीनचा.

ही साखळी तुटली तर काय होते, हे औषधांनी आपल्याला आधीच शिकवले आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतीय कंपन्यांना औषधे स्वतःच्या पद्धतीने बनवण्याची मुभा दिली आणि आपण जगाला स्वस्त गोळ्या पुरवणारा देश झालो. गोळीच्या आतला मूळ घटक मात्र आपण चीनकडून घेऊ लागलो, कारण तो स्वस्त मिळत होता. ज्या पेनिसिलीनसाठी पिंपरीचा सरकारी कारखाना उभा राहिला, त्या पेनिसिलीन-जीचे उत्पादन देशातून जवळपास तीस वर्षे नाहीसे झाले होते. चीनच्या किमतीपुढे इथले कारखाने टिकले नाहीत. २०२४ मध्ये काकीनाड्याला ते पुन्हा सुरू झाले, तेही सरकारी मदतीच्या टेकूवर. स्वस्त माल आयात करण्यात तोटा दिसत नाही. आपल्याला तो घडवता येत नाही हे वीस वर्षांनी कळते, तेव्हा तोटा दिसतो.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांवर निर्यातबंधने घातली, तेव्हा हेच पुन्हा घडले. इलेक्ट्रिक दुचाकीच्या मोटारीत बसणारे मूठभर वजनाचे चुंबक, आणि त्यासाठी लाखो रुपयांची वाहने अडून राहण्याची वेळ. जगातल्या या चुंबकांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास चीनमध्ये बनतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. योग्यच केले. पण त्याच वेळी हेही पाहिले पाहिजे की २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारतूट ९९ अब्ज डॉलरच्या वर होती, आणि त्या आयातीत फटाके-खेळण्यांपेक्षा कितीतरी मोठा भाग यंत्रांचा, इलेक्ट्रॉनिक भागांचा आणि रसायनांचा आहे. आपले कारखाने चालावेत म्हणून आपण तो माल आणतो. बहिष्काराच्या घोषणेने ही तूट भरून निघणार नाही.

सगळ्यांत मोठे दुखणे यंत्र घडवणाऱ्या यंत्राचे आहे. देशात लागणाऱ्या मशिन टूल्सपैकी जवळपास निम्मी बाहेरून येतात. राजकोट, बंगळुरू आणि पुण्याच्या काही कंपन्या उत्तम सीएनसी यंत्रे बनवतात, पण त्यांतला कंट्रोलर, बॉल स्क्रू, अचूक बेअरिंग बहुधा जपानी, जर्मन किंवा तैवानी असतात. हिंदुस्तान मशिन टूल्सला उतरती कळा लागली तेव्हा तिच्या जागी आणखी दोन-तीन तशा संस्था उभ्या करायचे कोणाला सुचले नाही. संशोधनावर आपण देशाच्या उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, कोरिया पाच टक्क्यांच्या जवळ. आपल्या खासगी उद्योगांचा त्यातला हिस्सा तर फारच थोडा. सरकारने सवलत द्यावी आणि तंत्रज्ञान परदेशी भागीदाराने, ही वृत्ती मोठ्या उद्योगपतींनी सोडली पाहिजे. १९१० च्या माळावर राजाने दिलेली जमीन होती, पण तंत्रज्ञान देणारा परदेशी भागीदार नव्हता.

कापडाची गोष्ट वेगळी नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले आणि तिथे तुकड्यातुकड्यांत विखुरले. बांगलादेश आपल्यापेक्षा कितीतरी लहान, फारसा कापूस पिकवत नाही, तरी त्याची तयार कपड्यांची निर्यात आपल्या दुपटीहून जास्त आहे, कारण तिथे एका छताखाली हजारो शिलाई यंत्रे आहेत.

आता परत शेडकडे. ती मोठी का होत नाही, असे तिथल्या मालकाला विचारले की पहिले उत्तर विजेचे मिळते. ओतकामात कच्च्या मालाखालोखाल मोठा खर्च विजेचा. महाराष्ट्रातला औद्योगिक दर शेजारच्या कर्नाटकापेक्षा जड वाटतो म्हणून कोल्हापूरचे कारखानदार सीमेपलीकडे जाण्याची भाषा कित्येक वर्षे करत आले आहेत. शेतीच्या आणि घरगुती विजेची सवलत उद्योगाच्या बिलातून वसूल करायची ही पद्धत सगळ्या देशात आहे, आणि तिच्याबद्दल बोलायला कोणताही पक्ष तयार नाही.

दुसरे उत्तर उधारीचे. माल आज गेला, पैसे तीन-चार महिन्यांनी. तोवर पगार, कोळसा, भंगार, हप्ता हे सगळे मालकाच्या ओव्हरड्राफ्टवर. म्हणजे लहान कारखाना मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो आणि स्वतः बँकेकडून व्याजाने घेतो. २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा घातली होती, ती कागदावर राहिली. २०२३ च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकर कायद्यात तरतूद केली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळणार नाही. ही तरतूद मला गेल्या दहा वर्षांतल्या कोणत्याही मोठ्या घोषणेपेक्षा मोलाची वाटते. काही खरेदीदारांनी नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडे वळून तिच्यातूनही पळवाट शोधली. ती बुजवलीच पाहिजे.

तिसरे उत्तर कामगार कायद्याचे. १९७६ मध्ये ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला कपात करण्याआधी किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी आवश्यक झाली, पुढे ही मर्यादा १०० वर आली. आता नव्या संहितांनी ती पुन्हा ३०० केली आहे. जुने २९ कायदे चार संहितांत एकत्र आले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. कायद्याने कारखाने लहान ठेवले, या म्हणण्यात तथ्य आहे. पण मालकांनी त्यावर वाट काढलीच होती: आज नोंदणीकृत कारखान्यांतल्या दहा कामगारांपैकी चार कंत्राटी आहेत. त्याच लाइनवर, तेच काम, पगार मात्र कमी. ज्या माणसाला पुढच्या सहा महिन्यांत आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याला कोणी हातात हात धरून काम शिकवत नाही, आणि तोही शिकत नाही. या कंत्राटी पद्धतीचा खरा खर्च रिजेक्शनच्या ढिगात दिसतो. मर्यादा ३०० झाल्यावरही मालक कायम माणसे घेणार नसतील तर सुधारणेचा अर्धा हेतू वाया जाईल.

चौथे उत्तर मालक सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत दुःखाने देतो: माणूस मिळत नाही. मोल्डिंगला बिहार-ओडिशाची मुले आहेत, ती नसती तर भट्ट्या बंद पडल्या असत्या. पण चांगला टर्नर, चांगला टूलमेकर, सीएनसीचा सेटर मिळत नाही. आयटीआयमध्ये अजून जुन्या यंत्रांवर शिकवले जाते, आणि मुलगा आयटीआयला घालणे म्हणजे त्याचे काही जमले नाही असे घरात मानले जाते. तोच मुलगा पुण्यात खोली घेऊन सहा-सहा वर्षे स्पर्धा परीक्षा देतो. मी त्याला दोष देत नाही. वीस वर्षे लेथवर घालवलेल्या कारागिराला कारखान्यात आणि गावात जो मान मिळायला हवा तो आपण दिला नाही, हे त्याला दिसते. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आपल्याकडे आहे, पण बहुतेक कारखान्यांनी त्याचा उपयोग स्वस्त हात मिळवण्यापुरता केला.

पुढे काय दिसते? संधी खरी आहे. चीनवर सगळा भार ठेवायचा नाही असे जगातल्या कंपन्यांनी ठरवले आहे, आणि एवढ्या माणसांचा घरचा बाजार चीनखेरीज दुसऱ्या देशाकडे नाही. पश्चिम मालवाहतूक मार्ग जवळपास उभा आहे, पालघरच्या वाढवणला ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. साणंद, ढोलेरा, आसामातल्या जागीरोडला चिपचे कारखाने उभे राहत आहेत. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापारकरारावर सह्या झाल्या. दुसऱ्या बाजूला ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे वाढीव आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि तिरुप्पूर, सुरत, कानपूरला एका महिन्यात धडकी भरली. असे दर पुढेही चढतील-उतरतील. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेला लहान निर्यातदार प्रत्येक वेळी आधी मरेल. रोबोटही येत आहेत, आणि हातांच्या स्वस्ताईवर जिंकण्याची मुदत फार उरलेली नाही.

राज्याराज्यांत सध्या मोठ्या प्रकल्पांवरून भांडणे होतात. २०२२ मध्ये तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा चिपप्रकल्प गुजरातेत गेला म्हणून महाराष्ट्रात महिनोन्‌महिने वादळ उठले. जुलै २०२३ मध्ये ती भागीदारीच मोडली. त्या काळात भोसरीच्या किंवा शिरोलीच्या टूलरूमबद्दल विधानसभेत कोणी तितक्या तळमळीने बोलल्याचे मला आठवत नाही. मोठा प्रकल्प यावा, जरूर यावा. पण त्याला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक सवलतीच्या मोबदल्यात शंभर स्थानिक पुरवठादार घडवण्याची, अमुक इतके भाग इथे काढण्याची आणि अमुक इतके कायम कामगार घेण्याची लेखी अट असावी. मारुतीच्या वेळी ती घालता आली होती. औद्योगिक वसाहतीत सामायिक टूलरूम आणि चाचणी-प्रयोगशाळा असावी, म्हणजे एका लेथवाल्यालाही अचूक मोजमाप परवडेल. उधारी ४५ दिवसांवर थांबावी आणि थकवणाऱ्या कंपनीचे नाव जाहीर व्हावे. आयटीआयचा शिक्षक वर्षातले दोन महिने कारखान्यात असावा आणि कारखान्यातला जुना मिस्त्री दोन महिने आयटीआयमध्ये.

वाचकांकडे माझे एक मागणे आहे. वार्षिक उद्योग पाहणी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि वर्तमानपत्रांत तिच्यातला एकूण वाढीचा एकच आकडा येतो. त्याच पाहणीत कामगारसंख्येनुसार कारखान्यांचा एक तक्ता असतो: किती कारखान्यांत वीसपर्यंत माणसे, किती ठिकाणी शंभर, किती ठिकाणी पाचशे. पुढची पाहणी येईल तेव्हा हा तक्ता आधी उघडा, आणि मधल्या ओळींतला आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवून पाहा.